डावीकडचा ब्रेक

माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, सगळ्यांच्या गाडीत असतो तसा, आणि दुसरा डावीकडे, माझ्या पायाशी. क्लचही दोन. मी बायकांना गाडी शिकवते. माझ्या हाताखालून, खरं तर पायाखालून, निघालेल्या बायका आज गंगापूर रोडला मला ओव्हरटेक करून जातात आणि वर हॉर्न देतात. तेव्हा मला त्यांना शिव्याही द्याव्याशा वाटतात आणि अभिमानही वाटतो.

ही पेडलं आज ज्या गाडीत आहेत ती जुनी आहे. तिचा मागचा एक दरवाजा आतून उघडत नाही. आधी ती पेडलं एका नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीत होती आणि ती गाडी आता माझ्याकडे नाही. ती कशी गेली हे विचारताना लोक आवाज खाली आणतात, जणू घरात कुणाला वाईट दुखणं झालं होतं. आवाज खाली आणायचं काही कारण नाही. मी मोठ्यानं सांगते.

माझे वडील सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, पुसल्या, त्यांची दारं उघडून धरली. साहेबांना सोडून जीप कचेरीत लावायची आणि सायकलवर टांग मारून नाशिकरोडला आमच्या वसाहतीत परत यायचं, हा त्यांचा शिरस्ता. घरापर्यंत त्यांनी जीप कधी आणली नाही. आणली असती तर आम्ही पोरं तिच्यावर चढून बसलो असतो, हे एक, आणि ती आपली नाही, हे दुसरं. पांढरी गाडी घेतली तेव्हा ते पार थकले होते, पण इस्त्रीचा शर्ट घालून शोरूमला आले. सेल्समननं चाकांखाली ठेवायला लिंबं काढली. वडील म्हणाले, "ती इकडं द्या, सरबत करू."

गाडी आम्ही आधी विहारात नेली, फुलं वाहिली. मग वडिलांनी आरसीबुक मागून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. मालक म्हणून माझं नाव होतं आणि त्याच्या खाली फायनान्स कंपनीचं. "हे खालचं नाव जाईपर्यंत जपून," एवढंच म्हणाले. ते नाव जायच्या आधी तेच गेले.

गाडी शिकवणीची करायची तर डावीकडे पेडलं बसवून घ्यावी लागतात. त्याचा खर्चही कर्जात धरा, असं मी कंपनीच्या अधिकाऱ्याला विनवलं होतं. तो मान हलवत म्हणाला, "मॅडम, तो गाडीचा भाग नाही. आम्ही ते धरत नाही." त्यानं हे इतक्या ठसक्यात सांगितलं की मी मुकाट उठले. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या पदरच्या पैशांनी पेडलं बसवून घेतली. त्याचं ते वाक्य मात्र मी विसरले नाही.

दोन वर्षं हप्ते बिनबोभाट गेले. मग कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरभर रस्ते खोदायला घेतले. मुरलेल्या ड्रायव्हरला घाम फुटेल अशा रस्त्यांवर नवशिक्या बाईला घेऊन मी जाणार कुठे? बायका म्हणाल्या, रस्ते झाले की येतो. रस्ते होईनात. हप्ते थकले. हो, मी थकवले. कुणी मला फसवलं नव्हतं, दारू-जुगारात काही गेलं नव्हतं. पैसे आले नाहीत म्हणून भरले नाहीत. मी स्वतः शाखेत जाऊन हे सांगितलंही होतं. टेबलामागच्या माणसानं संगणकातून मान वर न काढता "बघू, पुढच्या महिन्यात भरा" म्हटलं आणि मी ते खरं धरलं.

त्या महिन्यात मखमलाबादच्या आतल्या बाजूला मला शिकवायला एक जागा सापडली. तिथल्या द्राक्षबागा गेल्या आणि प्लॉट पडले, पण घरं अजून उठलेली नाहीत. रस्ते ऐसपैस, रहदारी नाही. हळूहळू बायका परत यायला लागल्या. त्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांची बदली घोटीच्या पलीकडच्या एका वाडीवर झाली होती, जिथं बस पोचवून देते पण वेळेवर नाही. घरात गाडी होती. नवऱ्याची. ती लग्नकार्याला बाहेर निघायची, एरवी तिच्यावर कव्हर. म्हणजे गाडीला कव्हर आणि बायकोला बस. बाईंनी पगारातून फी भरली आणि नवऱ्याला सांगितलं की योगासनांच्या वर्गाला जाते.

बाई हुशार होत्या, पण आज्ञाधारक. रस्त्यात कुणी जोरात हॉर्न वाजवला की त्या गाडी बाजूला घेऊन थांबायच्या, मग चूक कुणाचीही असो. मी ओरडायची, "अहो, तो तुम्हाला रागावत नाहीये, त्याला फक्त पुढं जायचंय!" त्यांना ते पटायचं, पण पायाला पटायचं नाही. आरटीओच्या पेठ रोडवरच्या ट्रॅकवर त्यांची परीक्षा जवळ आली होती आणि मला त्यांची काळजी होती.

त्या सकाळी आम्ही वळण घेऊन परत येत होतो. बाई चालवत होत्या, मी डावीकडे. समोर एक मोटारसायकल आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबला, अगदी व्यवस्थित दाबला, आणि मी शाबासकी देणार तोवर दोन माणसं उतरून आमच्याकडे आली. एकाच्या हातात मोबाईल. त्यानं नंबर प्लेट बघितली, मोबाईल बघितला आणि उजवीकडची काच बोटानं वाजवली.

"ताई, उतरा. गाडी फायनान्सची हाय. चावी द्या."

आणि बाईंनी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मी तोंड उघडायच्या आत. उतरूनही उभ्या राहिल्या, हात पुढं बांधून, शाळेत साहेब तपासणीला आले की राहतात तशा. त्यांचा काय दोष? आपल्याकडे चढ्या आवाजात बोलणाऱ्या पुरुषाला हातातलं देऊन टाकायचं, हे बायकांना चालायला यायच्या आधी शिकवतात. त्यांची पर्स, जेवणाचा डबा आणि तपासायचे पेपर मागच्या सीटवर राहिले.

तो माणूस स्टिअरिंगपाशी बसला. मला म्हणाला, "तुम्हीबी उतरा."

"मी का उतरू?"

"गाडी जमा करायचीय. यार्डला न्यायची. विंचूरच्या अलीकडं."

"न्या की," मी म्हटलं. "मी कुठं अडवलंय?"

माझं डोकं तापलं होतं. कान गरम झाले होते. पण पट्टा लावलेला होता आणि दोन्ही पाय जिथं असतात तिथंच होते. इतक्यात दुसऱ्यानं माझ्या खिडकीतून एक कागद आत सरकवला, वर पेन. "इथं सही करा. स्वखुशीनं गाडी जमा करत आहे, म्हणून."

मी कागद वाचला. मग त्याच्याकडे बघितलं. "माझ्या तोंडावर खुशी दिसतेय का तुम्हाला?"

"ताई, तसं लिवायचंच असतं."

"मग तुम्हीच करा सही. तुम्ही खुश दिसताय."

कागद मी परत दिला. स्टिअरिंगपाशी बसलेल्यानं वैतागून गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि क्लच सोडायला गेला. मी माझा क्लच दाबून धरला. दोन्ही क्लच एकाच वायरीला जोडलेले असतात. डावीकडचा दाबला की उजवीकडचाही खाली जातो आणि खालीच राहतो. त्यानं ॲक्सिलरेटर दिला. इंजिन गुरगुरलं, गाडी जागची हलली नाही. त्यानं खाली वाकून बघितलं, पायानं पेडल वर ओढून बघितलं.

"क्लच बसला रे!" त्यानं बाहेरच्याला सांगितलं. "वायर गेली वाटतं."

मी समोर बघत राहिले. सांगते ते खरं सांगते, त्या क्षणी मला कायद्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मला फक्त माझा पाय माहीत होता.

तो उतरला, दोघांनी बॉनेट उघडलं, आत डोकी घातली. सकाळी फिरायला आलेले लोक थांबले. निवृत्त मंडळी, दोन-तीन बायका, एकजण कुत्र्याला घेऊन. एका काकांनी बॅटरी बघा म्हणून सल्लाही दिला. गाडीवर पुढं-मागं लाल अक्षरात शिकाऊचा 'एल' होता, दोन्ही बाजूंना माझ्या क्लासची पाटी होती. तरी त्या दोघांच्या मनात आलं नाही की डावीकडे काही असेल. येणार कसं? आपल्याकडे पुरुष गाडी शिकायला जातच नाहीत. त्यांना ती येतेच. कुठल्यातरी मामाच्या ट्रकवर, काकाच्या टेम्पोवर हात साफ करतात आणि झालं. शिकवणाऱ्याच्या पायाशी काय असतं हे त्यांनी आयुष्यात बघितलेलं नसतं.

तो परत येऊन बसला. मी पाय काढला होता, त्यामुळे क्लच वर आलेला. "आला," तो आनंदानं म्हणाला. गाडी हलली, हातभर पुढं गेली आणि मी ब्रेक मारला. हिसका बसून गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. बघणाऱ्यांत कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. सवयच ती.

"आरसा बघितला नाहीत," मी म्हटलं. "इंडिकेटर दिला नाहीत. निघताना मागचं बघायचं असतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. त्याच्या कानापर्यंत लाली चढलेली मला दिसली.

"ताई, पाय काढा."

"पाय माझा आहे. त्यावर कंपनीचं नाव नाही."

"उतरा म्हणतो ना!"

"उतरवा."

तो हात पुढं करणार, तोच त्यानं बाहेरचे मोबाईल बघितले. चार-पाच जण चित्रण करत होते. काकांनी आवाज लावला, "ओ, बाईमाणसाला हात लावायचं काम नाही!" मला बाईमाणूस हा शब्द आवडत नाही, पण तेवढ्यापुरता चालवून घेतला. त्या माणसानं हात मागे घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवून बसला. आता मला त्याची कीव आली असती, पण मागच्या सीटवरचा डबा दिसला. माझ्या गाडीबरोबर हे लोक एका मास्तरणीचं जेवणही घेऊन निघाले होते.

"गाडी जाईल," मी म्हटलं. "तुम्हीच चालवा. पण विंचूरला नाही, पोलीस स्टेशनला. दुसरीकडे वळलात तर मी आहेच. बाई, मागे बसा."

बाई बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून. दुसरा माणूस मोटारसायकलवर पुढं निघाला, आणि अशी आमची वरात निघाली. गाडी न्यायला आलेला चालवतोय, गाडीची मालकीण शेजारी ब्रेकवर पाय ठेवून, आणि शिकाऊ बाई मागे.

तो गाडी चांगली चालवत होता, हे मला कबूल करावं लागेल. फक्त गिअर उगाच लवकर टाकत होता. मी सांगितलं. त्यानं दोन वेळा ऐकलं नाही, तिसऱ्यांदा ऐकलं. मग आपणहून बोलायला लागला.

"ताई, आम्ही काय चोर हाय का? लोकं हप्ते भरत नाय, मग कंपनी आम्हाला धाडती."

"चोर लपून येतो. त्याला निदान लाज असते. तुम्ही भर सकाळी येऊन दुसऱ्याच बाईच्या हातातून चावी घेता."

"आम्हाला काय म्हाईत ती दुसरी हाय."

"विचारलंत का?"

त्यानं विषय बदलला. चांदवडकडचा होता. गाडीमागं मिळतं ते लय नाय, म्हणाला, पण तिकडं कांद्याच्या ट्रका भरण्यापेक्षा बरं. मग पुढच्या मोटारसायकलकडे हनुवटीनं दाखवून म्हणाला, "ती माझीच. तीबी हप्त्यावर."

"आणि हप्ता चुकला तर?"

"मंग येतंय कोणीतरी. आमच्यातलंच."

तो हसला. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि आता त्याच्यावर नाही. या सगळ्याचा दोर ज्याच्या हातात असतो तो मखमलाबादला कधी येत नाही. तो गार खोलीत बसून फक्त नंबर पाठवतो, आणि हप्त्यावर जगणारा एक माणूस हप्त्यावर जगणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या पाठीवर बसतो.

पोलीस स्टेशनात फौजदार साहेब चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा जे म्हणायचं असतं तेच म्हणाले. "हा तुमचा दिवाणी मामला आहे. आम्ही यात पडत नाही."

"पडू नका," मी म्हटलं. "फक्त यांना विचारा की हे कोण आहेत."

"मॅडम, तुम्ही हप्ते भरायचे नाहीत आणि वर—"

"हप्ते थकलेत. मी नाही म्हटलेलं नाही. ते कंपनीनं माझ्याकडून वसूल करावेत, कोर्टात जावं, मी येईन. पण उद्या कुणीही मोटारसायकल आडवी घालून मोबाईल दाखवला तर मी गाडी द्यायची का? हे कंपनीचेच आहेत हे मला कसं कळणार? तुम्हाला तरी माहीत आहे का?"

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांना माझा मुद्दा पटला असं नाही, पण आपल्या हद्दीत काहीतरी झालं आणि आपल्याला कुणी कळवलं नाही, ही गोष्ट कुठल्याच पोलिसाला आवडत नाही. त्यांनी त्या दोघांना विचारलं, "इथं आधी कळवलं होतं का?" कळवलं नव्हतं. ओळखपत्र? एकाचं घरी राहिलं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. कंपनीचं पत्र? मोबाईलवर होतं, पण त्यावर तिसऱ्याच कुठल्या एजन्सीचं नाव. फोनाफोनी झाली. फोनवरचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हाला सगळं ऐकू आलं, आणि साहेबांनाही.

"कागद घेऊन या, मग बघू," साहेब म्हणाले. "आत्ता बाईंना गाडी देऊन टाका."

चावी माझ्यापुढे आली. मी हात पुढं केला नाही.

"ज्यांच्या हातातून घेतलीत त्यांच्या हातात द्या."

बाई एकदम दचकल्या. मला खुणेनं नको नको म्हणत होत्या. चांदवडवाल्यानं त्यांच्यापुढं चावी धरली. त्यांनी घेतली, आणि मग पोलीस स्टेशनच्या आवारातून, फौजदार, शिपाई आणि ते दोघं बघत असताना, त्यांनी गाडी काढली. आधी एकदा बंद पडली. मग आरसा, इंडिकेटर, क्लच, सगळं करून निघाली. माझा पाय ब्रेकवर होता, पण दाबावा लागला नाही.

कायदा मी त्यानंतर शिकले. माझ्याकडे गाडी शिकून गेलेल्या एक वकीलबाई जिल्हा न्यायालयात काम करतात. त्यांनी माझा करार वाचला आणि आधी मला झापलं, की सही करण्यापूर्वी का वाचला नाहीस. मग सांगितलं की हप्ते थकले तर गाडी परत घ्यायचा कंपनीला हक्क आहे, करारात तसं लिहिलेलं आहे, तेव्हा तू काही स्वातंत्र्यसैनिक नाहीस. पण हक्क असणं वेगळं आणि गुंड पाठवणं वेगळं. आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, वेळ द्यावा लागतो. येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि पत्र लागतं, पोलिसांना कळवावं लागतं. आतलं सामान ज्याचं त्याला परत द्यावं लागतं. धाक, जबरदस्ती चालत नाही, हे वरच्या कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. "आणि स्वखुशीच्या कागदावर सही केली असतीस," त्या म्हणाल्या, "तर यातलं काहीच झालं नसतं असं ठरलं असतं."

मला त्या कागदाची सगळ्यात जास्त चीड आहे, आजही. गाडी न्यायचीच आहे तर न्या. पण माझ्या तोंडून ती खुशी का वदवून घेता? माझं देणं आहे, म्हणून माझी मान आपोआप खाली असली पाहिजे, आणि ती खाली आहे असं मीच लिहून दिलं पाहिजे, हे कुठल्या करारात आहे? मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुठल्याच नाही.

मग कंपनीला एकदम शिस्त आठवली आणि रीतसर नोटीस आली. तिच्यात सगळे थकलेले हप्ते, दंड, आणि त्या दोघांना माझ्याकडे पाठवल्याचा खर्चही माझ्याच नावावर. तो खर्च वकीलबाईंनी लेखी भांडून काढायला लावला. बाकीची रक्कम मला मुदतीत जमणार नव्हती. मी खूप हातपाय मारले. नातेवाइकांपुढे हात पसरायची वेळ आली तेव्हा थांबले. गाडीसाठी एक दिवस मी मनसोक्त रडले. वडिलांनी ज्या चष्म्यानं ते खालचं नाव वाचलं होतं, तो माझ्या कपाटात आहे, तो काढून रडले. मग ठरवलं की गाडी द्यायची. पण त्यांनी न्यायची नाही, मी नेऊन द्यायची.

मुदत संपेपर्यंत मात्र मी एकही दिवस गाडी उभी ठेवली नाही. सकाळ-संध्याकाळ बायका. पेठ रोडच्या ट्रॅकवर शाळेच्या बाई आठाच्या आकारात गाडी फिरवून आल्या, चढावर थांबवून पुन्हा उचलली, मागे घसरू दिली नाही. पास झाल्या. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला लायसन्सची पावती दाखवली आणि योगासनांचं खरं काय ते सांगितलं. पुढचं मला माहीत नाही, पण कव्हर निघालं.

विंचूरला मी भर दुपारी गेले, कपाळावर आठी न पाडता. यार्ड म्हणजे कुंपण घातलेलं मोकळं शेत, त्यात शेकडो गाड्या धूळ खात. कुणाच्या आरशाला अजून झेंडूची सुकलेली माळ, कुणाच्या मागच्या काचेवर 'आईची कृपा'. प्रत्येक गाडीनं कुणाला तरी एकदा रस्त्यात उतरवलेलं होतं. मला ते बघून वाईट वाटलं नाही, संताप आला. मी पोचपावती मागितली, त्यावर गाडीची अवस्था लिहून घेतली, टायर, स्टेपनी, टेप, सगळं. मग पिशवीतून पाना काढला, डावीकडचं दार उघडलं आणि खाली बसून पेडलं सोडवायला लागले.

यार्डाचा मॅनेजर धावत आला. "ओ मॅडम! काय काढताय? गाडीला हात लावू नका आता."

"हा गाडीचा भाग नाही," मी म्हटलं. "तुम्ही ते धरत नाही. कर्ज देताना तुमच्याच साहेबांनी सांगितलंय."

"असं कुठं असतंय? मी वर विचारतो."

"विचारा. मी तोवर बोल्ट काढते."

तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून तो चांदवडवाला आला. मला बघून थबकला. मग मॅनेजरला म्हणाला, "जाऊ द्या साहेब. ते त्यांचंच हाय. मला म्हाईत हाय." आणि शेवटचा बोल्ट गंजून घट्ट बसला होता तो त्यानं वाकून सोडवून दिला. मी आभार मानले नाहीत. त्यानं अपेक्षाही केली नाही. "गिअर आता उशिरा टाकतो," एवढं म्हणाला.

मी एसटीनं परत येणार होते. पण फाटकाबाहेर एक गाडी उभी होती, कव्हर नसलेली, आणि स्टिअरिंगपाशी शाळेच्या बाई. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर घोटीकडून थेट आल्या होत्या, नाशिक ओलांडून, एकट्या. मी डावीकडे बसले, पिशवीतली पेडलं मांडीवर घेतली. जड होती आणि ग्रीसनं माझी साडी खराब झाली.

निघणार तोच यार्डातला एक माणूस, हा नवीनच, सवयीनं पुढं आला. हातात मोबाईल. त्यानं नंबर प्लेट बघितली, बॉनेटवर हात ठेवला आणि काच वाजवली.

"ताई, गाडी कोणाची? जरा उतरा."

माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला. खाली काही नव्हतं, नुसता पत्रा. माझा ब्रेक माझ्या मांडीवर होता. मी बाईंकडे बघितलं.

त्यांनी इंजिन बंद केलं नाही. काच दोन बोटं खाली केली.

"आधी तुमचं ओळखपत्र दाखवा," बाई म्हणाल्या. "आणि बॉनेटवरचा हात काढा, मला निघायचंय."

त्यानं हात काढला. बाईंनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.